घाट, फियाट आणि वालचंदशेठ

आमच्या कर्जतच्या नावातच कर्ज आहे, असा एक शिळा विनोद आम्ही बँकेतली मंडळी नेहमी करत असू. दुसरा विनोद त्याहून जरा बरा होता. पुण्याकडे निघालेल्या गाडीला कर्जत स्टेशनात मागून जादा इंजिनं जोडतात. रेल्वेची माणसं त्या इंजिनांना बँकर म्हणतात. बोरघाटाचा चढ सदतीस फुटांमागे एक फूट असा आहे. पुढच्या इंजिनाला तो एकट्याच्या बळावर जमत नाही. मग मागून बँकरने रेटा द्यायचा, गाडी वर पोचली की आपला आकडा सोडवून घ्यायचा आणि मुकाट्याने खाली यायचं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे पहिले मॅनेजर म्हणत, की कर्ज देणं म्हणजे काय हे शिकायचं असेल तर आधी फलाटावर जाऊन उभा राहा. तेव्हा मी हसलो होतो. आता निवृत्त होऊन बसल्यावर त्यांचं म्हणणं वरचेवर आठवतं आणि त्याबरोबर एक माणूसही आठवतो. मी त्याला पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच तो गेला. पण माझ्या बालपणावर त्याची सावली होती.

माझं लहानपण खोपोलीत गेलं. द्रुतगती मार्ग तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. मुंबई-पुण्याची सगळी रहदारी गावातूनच घाटाकडे वळे. त्या रस्त्याच्या कडेला माझ्या मामांचं छोटं गॅरेज होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे नुसती गंमत असायची. चढावर दमलेल्या मोटारी बॉनेट उघडून ओळीने उभ्या असत, रेडिएटरमधून वाफ निघे, बायका पदराने वारा घेत झाडाखाली बसत आणि आम्ही पोरं बादल्यांनी पाणी आणून देत असू. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या बंपरला पाण्याची छागल लटकलेली असे. घाट सुखरूप चढावा म्हणून लोक शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकत. घाटाची वाट साहेबाला एका धनगराने दाखवली अशी आख्यायिका आहे, त्याचंच हे देऊळ.

त्या ओळीत सर्वांत जास्त असायच्या त्या फियाट. जुन्या, गोल पाठीच्या फियाटला मुंबईकरांनी डुक्कर फियाट असं नाव ठेवलं होतं. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडत. मामा त्या गाडीवर फार खूश होते. एकदा हात पुसता पुसता ते आम्हाला म्हणाले, की ही गाडी इटलीच्या नावाची असली तरी बनते आपल्या कुर्ल्याला. आणि ज्या शेठने कुर्ल्याचा कारखाना काढला, त्याच्याच कंपनीने वरच्या घाटातले रेल्वेचे बोगदे खोदले. बोगदे खणणारा आणि मोटारी बनवणारा माणूस एकच कसा असेल? मामा थापा मारतात असं आम्ही ठरवून टाकलं. पुढे पुस्तकं वाचू लागलो तेव्हा समजलं, की मामांनी थाप तर मारली नव्हतीच, उलट बरंच कमी सांगितलं होतं.

तो माणूस म्हणजे वालचंद हिराचंद.

वालचंदशेठांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं मूळ सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, दिगंबर जैन. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा पिढीजात धंदा. आई अगदी तान्हेपणीच गेली. १८९९ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज पाहिलं, पण पदवी न घेताच घरच्या पेढीवर परतले. त्यांचं मन काही पेढीत रमेना. व्याजाचा हिशेब करत गादीवर बसणं हे या तरुणाला मानवणारं नव्हतं. लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाचे एक गृहस्थ त्यांना भेटले. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि नोकरी सोडून ठेकेदारीत शिरू पाहत होते. त्यांच्यापाशी कामाची माहिती होती, वालचंदांपाशी भांडवल उभं करण्याची ऐपत होती. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गाचं काम घेतलं. सोलापूरच्या एका सावकाराचा मुलगा उन्हातान्हात मातीचे भराव मोजू लागला.

इथे मला बँकेतला छापील अर्ज आठवतो. त्यात एक रकाना असे: प्रस्तावित व्यवसायाचा पूर्वानुभव. आम्ही आधी तोच पाहायचो. वालचंदशेठांनी जन्मभर जे जे काढलं त्याचे अर्ज ओळीने लावले, तर त्या रकान्यात दर वेळी एकच शब्द येतो: नाही.

रेल्वेच्या कामांतून पैसा आला, पहिल्या महायुद्धात लष्करी बांधकामं मिळाली, फाटकांची भागीदारी संपली. १९२० मध्ये त्यांचा धंदा टाटांबरोबर जोडला जाऊन टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. या कंपनीने तानसा तलावाचं पाणी मुंबईला आणणाऱ्या प्रचंड नळांचं काम केलं आणि आमच्या बोरघाटातले रेल्वेचे नवे बोगदेही खोदले. घाटातला पहिला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला होता. तेव्हा गाडी अर्ध्या डोंगरात थांबून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून पुढे जाई. त्या मार्गाची आखणी इंग्रजांची आणि ठेकाही इंग्रजांचाच. आमच्या भागातल्या माणसांच्या वाट्याला आली ती पहार आणि पाटी. साठ वर्षांनी तोच घाट सुधारायची वेळ आली तेव्हा सुरुंग लावणारी कंपनी एका सोलापूरकराच्या हाताखाली चालत होती. १९२९ मध्ये नवा मार्ग सुरू झाला आणि गाडी उलटी फिरवण्याचा तो प्रकार थांबला. आजही आपण पुण्याला जाताना मुलं बोगदे मोजत खिडकीशी बसतात. त्या काळोखातून जाताना हे नाव एकदा आठवावं एवढा त्याचा अधिकार आहे.

१९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. मुंबईतल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून आपण जातो, तो याच कंपनीने बांधला. पण बांधकामावर समाधान मानतील तर ते वालचंदशेठ कसले!

१९१९ मध्ये त्यांच्या कानावर आलं, की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं 'लॉयल्टी' हे जहाज विकायचं आहे. मूळची ती प्रवासी बोट, महायुद्धात रुग्णालय-जहाज म्हणून वापरलेली. वालचंदांना जहाजांचा अनुभव शून्य. तरीही नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्यासह त्यांनी ती घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो या सफरीच्या आठवणीसाठी.

हा व्यवहार बँकेच्या चष्म्यातून पाहिला तर अंगावर काटा येतो. बोट जुनी होती, थोड्याच वर्षांत ती भंगारात निघाली. समोर मुरलेल्या ब्रिटिश कंपन्या होत्या. त्यांनी भाडी इतकी खाली आणली की नव्या कंपनीने आपोआप बुडावं. १९२३ मध्ये सिंदियाला त्यांच्याशी तह करावा लागला. किनाऱ्यावरची मालवाहतूक तेवढी करायची आणि जहाजंही ठरावीक मर्यादेतच ठेवायची, अशा त्यातल्या अटी होत्या. दुसरा एखादा निराश होऊन पेढीवर परतला असता. वालचंदशेठ तहाची मुदत मोजत राहिले, १९२९ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले आणि पुढची वीस वर्षं या प्रश्नावर त्यांनी सरकारला स्वस्थ बसू दिलं नाही.

मधल्या काळात त्यांनी नाशिक जिल्ह्यात रावळगावच्या आणि पुणे जिल्ह्यात कळंबच्या माळरानावर ऊस लावला, साखर कारखाने उभारले. कळंबजवळच्या वसाहतीचं वालचंदनगर झालं. रावळगावची चॉकलेटं आमच्या पिढीच्या खिशात असायची. पण ती कुणाच्या उद्योगातून आली हे तेव्हा कुठे माहीत होतं!

मोटारीचा विचार त्यांच्या डोक्यात १९३०च्या दशकात पक्का झाला. त्या आधी हिंदुस्थानात मोटारी येत त्या परदेशी. इथे मुंबई, मद्रास, कलकत्त्याला कंपन्यांनी जोडणीचे कारखाने काढले होते, पण सुटे भाग बोटीने यायचे आणि नफा बोटीने जायचा. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या देशी मोटार कारखान्याची योजना घेऊन हिंडत होते. वालचंदशेठ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. मोटारीच्या बोलण्यासाठी गेलेले शेठजी परतीच्या विमानप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाला भेटले आणि विमानांचाच कारखाना काढण्याचं ठरवून बसले! डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली.

यातलं किती त्यांच्या हाती उरलं? विमानांचा कारखाना १९४२ मध्ये सरकारने युद्धासाठी ताब्यात घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले आणि गोदीचं काम विस्कटलं. तरी गोदी पुन्हा उभी राहिली. १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेल्या 'जल उषा'चं जलावतरण पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. १९५२ मध्ये तीही सरकारकडे गेली. उभं करायचं आणि दुसऱ्याच्या हवाली करायचं, हेच जणू त्यांच्या पत्रिकेत लिहिलेलं होतं. मोटारीच्या कारखान्याला मात्र दिल्लीच्या सरकारने युद्धकाळात हात दिला नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या प्रशस्त अमेरिकन गाड्या होत्या. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात त्या घेणारे थोडे आणि त्यांना लागणारं पेट्रोल फार. आपल्याला हवी होती लहान गाडी. ती इटलीत होती.

आता थोडं इटलीला जाऊन येऊ. ज्या १८९९ साली वालचंद मॅट्रिक झाले, त्याच वर्षी ११ जुलैला तुरिन शहरात काही सरदार आणि सधन मंडळींनी एक मोटार कंपनी स्थापन केली. तुरिनचा इटालियन मोटार कारखाना, या अर्थाच्या चार इटालियन शब्दांची आद्याक्षरं म्हणजे फियाट. त्या मंडळींत जोव्हानी आन्येली हा घोडदळातला माजी अधिकारी होता. मोटारींचा अनुभव त्यालाही नव्हता. पण तीन वर्षांत कारभार त्याच्या हाती आला आणि १९४५ मध्ये मरेपर्यंत फियाट म्हणजे आन्येली असं समीकरण राहिलं. वालचंदांसारखाच हा माणूस एका धंद्यावर थांबला नाही. मोटारींबरोबर ट्रक, ट्रॅक्टर, विमानं, रेल्वेचे डबे, सगळं फियाटने केलं. अमेरिकेत फोर्डच्या कारखान्याची पद्धत पाहून त्याने तुरिनमध्ये लिंगोटोचा पाच मजली कारखाना बांधला. तो १९२३ मध्ये सुरू झाला. तळमजल्यावर लोखंड आत जाई, मजल्या मजल्याने गाडी जुळत वर चढे आणि गच्चीवर पोचली की तिथेच बांधलेल्या धावपट्टीवर तिची परीक्षा होई. गाडीने घाट चढावा तसा हा कारखाना!

आन्येलीनेही उसनवारी केली, हे विसरता कामा नये. पद्धत फोर्डची घेतली. सरकारने परदेशी गाड्यांवर जबर जकात बसवून बाजार राखून दिला, तोही फायदा घेतला. पण त्या आडोशाला त्याने स्वतःची अभियंत्यांची पिढी घडवली. दान्ते जाकोसा या तरुण अभियंत्याने १९३६ मध्ये फियाट ५०० ही चिमुकली गाडी दिली. इटलीत मिकी माउसला टोपोलिनो म्हणतात, म्हणजे छोटा उंदीर. लोकांनी गाडीलाही तेच नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांवर बॉम्ब पडले, पण डोकी शाबूत होती. त्यामुळे युद्धानंतर फियाट झपाट्याने वाढली. १९५५ची ६००, १९५७ची नवी ५०० या गाड्यांनी सामान्य इटालियन कुटुंबाला चाकांवर बसवलं. आणि ज्या फियाटने एकेकाळी दुसऱ्याची पद्धत उसनी घेतली, तीच आता इतरांना उसनं देऊ लागली. स्पेनमध्ये सियाट, युगोस्लाव्हियात झास्तावा, पुढे रशियातली लाडा, या सगळ्यांच्या गाड्या फियाटच्या आराखड्यांवरून निघाल्या. त्याच रांगेत आपलं कुर्लं होतं.

१९५०-५१च्या सुमारास प्रीमियरने फियाटशी हात मिळवला. आधी टोपोलिनो आली. १९५४च्या सुमारास ११०० आली, तीच आमची डुक्कर फियाट. उंदरापासून डुकरापर्यंतचा हा प्रवास वालचंदशेठांनी मात्र पाहिला नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. १९५० मध्ये ते कारभारातून बाजूला झाले आणि सूत्रं लालचंद हिराचंद आदी धाकट्या भावांकडे गेली. शेवटच्या वर्षांत पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने आपली नवी ११०० जगाला प्रथम दाखवली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला वालचंदशेठ वारले. ज्या गाडीने त्यांच्या कारखान्याचं नाव घरोघर नेलं, तिचा आणि त्यांचा चुकामूक होण्याचा काळ अवघा एक महिना.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. देशात नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांनी एक तर इथे उत्पादनाचा कार्यक्रम आखावा, नाही तर काम बंद करावं असं सरकारने ठरवलं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेल्या. मैदानात प्रीमियर, बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड उरल्या. वालचंदशेठ ज्यासाठी आयुष्यभर भांडले, ते संरक्षण त्यांच्या मृत्यूच्या वर्षी मिळालं. आता घाट चढायला मागून बँकर लागला होता.

कुर्ल्याच्या माणसांनी काम चोख केलं, यात शंका नाही. एकेक भाग इथे बनू लागला. त्यासाठी मुंबई, पुणे, ठाण्याच्या लहान-मोठ्या कारखान्यांना ऑर्डरी मिळाल्या, शेकडो घरांत चुली पेटल्या. १०८९ सीसीचं ते साधं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पाच माणसं म्हणता सात माणसं बसतील अशी जागा. मुंबईच्या टॅक्सीवाल्याने ती आपलीशी केली. १९७०च्या दशकात फियाटशी असलेला करार संपला, तेव्हा गाडीला आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग चितोडच्या राणीवरून प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

पण वर पोचल्यावर बँकर सोडायचा असतो, तो कुणी सोडला नाही. तीन कंपन्यांचा बाजार, किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवणार, किंमतही सरकार ठरवणार. किमतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गिऱ्हाइकाने आगाऊ पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबरची वाट पाहायची. मी बँकेत लागलो तेव्हा मुलीच्या लग्नात जावयाला द्यायची म्हणून ती लहान असतानाच गाडीचा नंबर लावणारे लोक होते, असं थट्टेने बोललं जाई. अशा बाजारात नवं काही करायची निकड कोणाला? तुरिनमध्ये ११०० केव्हाच इतिहासजमा झाली, तिच्या जागी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या गाड्या आल्या. कुर्ल्यात तीच गाडी थोड्याफार फरकाने निघत राहिली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि चित्र पालटलं. एकविसावं शतक उजाडेपर्यंत पद्मिनीचं उत्पादन थांबलं.

दोष एकट्या कंपनीचा नव्हता. सरकारने हात बांधले होते, हेही खरं. तरी एक गोष्ट मला कायम खुपते. वालचंदशेठांनी ज्ञान नेहमी उसनं घेतलं. फाटकांकडून रेल्वेचं, मोरारजींच्या साथीने जहाजाचं, पॉलीकडून विमानाचं, क्रायस्लरकडून मोटारीचं. पण ते उसनं घेत ते पुढचा चढ चढण्यासाठी. त्यांच्यामागे उसनवारीचीच सवय झाली. तुरिनने कर्ज फेडून भांडवल केलं, आपण वर्षानुवर्षं नूतनीकरण करत राहिलो.

हे मी न्यायाधीशाच्या खुर्चीतून बोलत नाही. माझाही एक हिशेब शिल्लक आहे.

१९८८ची गोष्ट. मी खालापूर तालुक्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. एक दिवस मामांच्या गॅरेजमध्ये पोरसवदा असताना काम शिकलेला एक मिस्त्री माझ्यासमोर येऊन बसला. मामा तेव्हा गेले होते. फियाटचे सुटे भाग वेळेवर मिळत नाहीत, टॅक्सीवाल्यांचे दिवस फुकट जातात, म्हणून त्याला लेथ घ्यायचं होतं. बुश, पिना, पुल्या स्वतः करून देईन म्हणाला. त्याने रुमालात बांधून आणलेला एक बुश माझ्या टेबलावर ठेवला. कंपनीच्या बुशाच्या शेजारी ठेवला तर कुठला कुठला हे मला ओळखता आलं नाही. पण माझ्यापुढे छापील अर्ज होता. कोटेशन होतं, मार्जिनची रक्कम अपुरी. जामीनदार एकच. जागा भाड्याची. आणि लेथ चालवण्याचा पूर्वानुभव: दुसऱ्याच्या यंत्रावर, सुट्टीच्या दिवशी. मी नियमाप्रमाणे शेरा लिहिला आणि प्रकरण परत केलं. शिफारस करून वर पाठवता आलं असतं. पाठवलं नाही. त्या वर्षी आमच्या शाखेची थकबाकी वाढली होती आणि माझी बढती तोंडावर होती. बुश तेवढा त्याने परत नेला नाही. तो माझ्या खणात राहिला.

दिलेली कर्जं बुडतात तेव्हा चौकशी होते, नाकारलेल्या कर्जांची कधीच होत नाही. मी दिलेल्या कर्जांपैकी बुडालेली मला नावानिशी पाठ आहेत. नाकारलेली किती आणि त्यातली किती फळली असती, याचा ताळेबंद कुठल्याच बँकेत मांडला जात नाही. बेफिकीरपणे पैसे वाटावेत असं मी म्हणणार नाही, ठेवीदाराचा पैसा म्हणजे कुणाच्या तरी म्हातारपणाची भाकरी असते. पण पूर्वानुभवाच्या रकान्यात नाही असं लिहिलेलं असताना माणसाच्या हातात काय आहे ते पाहायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. वालचंदशेठांचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत केला असता. अगदी शंभर टक्के.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे निरोप घेऊन गेली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. वर्तमानपत्रांत फोटो आले, माणसं हळवी झाली. त्यानंतरच्या रविवारी मी कर्जतहून खोपोलीच्या लोकलमध्ये बसलो. बरोबर तो बुश घेतला होता.

मिस्त्री भेटेल याची खात्री नव्हती. पण भेटला. जुन्या रस्त्यालाच, थोडं आत, पत्र्याची मोठी शेड, तीन लेथ, हाताखाली पाच-सहा पोरं. पहिलं लेथ त्याने सावकाराकडून जबर व्याजाने पैसे घेऊन सेकंडहँड आणलं होतं. ते फेडता फेडता बायकोच्या अंगावरचं मोडावं लागलं, हे त्याने सहज, तक्रारीचा सूर न लावता सांगितलं. आता फियाटचं काम नाही. आसपासच्या कारखान्यांची कामं करतो. मुलगा इंजिनिअर झाला, तोच संगणकावर आराखडे काढतो. वडिलांनी नमुना पाहून भाग करावा, मुलाने नमुनाच नवा काढावा. कुर्ल्याला जे जमलं नाही ते या पत्र्याच्या शेडमध्ये जमलं होतं, आणि माझ्या मदतीशिवाय जमलं होतं.

मी बुश पुढे केला. त्याने उलटासुलटा करून पाहिला आणि हसला. आतून अर्धा धागा मोठा झाला होता, साहेब, असं म्हणाला. म्हणजे पस्तीस वर्षं जी वस्तू मी अचूक समजून जपली होती, तिच्यातली चूक त्याला एका नजरेत दिसली. मग मी माफी मागण्यासाठी शब्द जुळवू लागलो, तर त्याने एका पोराला चहा आणायला पिटाळलं आणि मामांच्या आठवणी काढल्या. मामा बोगद्यांची आणि शेठची गोष्ट त्यालाही सांगत असत. ती खरी का, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, खरी. आणि मग चहा निवेपर्यंत त्याला वालचंदशेठांचं चरित्र सांगत बसलो. बोटीचं ऐकून तो चकित झाला. कर्जाचं ऐकून झाला नाही.

संध्याकाळी परतताना कर्जतच्या फलाटावर पुण्याची गाडी उभी होती. मागे बँकर लागत होते. आकडा अडकल्याचा तो ओळखीचा आवाज आला, गाडीला बारीक हिसका बसला. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो. त्यांना वर जाऊन सुटायचं होतं आणि रात्रीतून पुन्हा खाली यायचं होतं, पुढच्या गाडीसाठी.